समासातलं खोडलेलं गणित

आठवीच्या वर्गपाठाच्या वह्या तपासत होते. विस्तारसूत्रं शिकवायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम ९८ × १०२ हा गुणाकार घातला होता. कुणाला काही वेगळं सुचतं का, ते बघायचं होतं. एका मुलीच्या वहीतली मांडणी अगदी चोख होती: १९६, त्याखाली शून्यांची ओळ, त्याखाली ९८००, बेरीज ९९९६ आणि उत्तराखाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा. मी बरोबरची खूण केली, ‘सुंदर अक्षर’ असा शेरा लिहिला आणि पान उलटणार तेवढ्यात समासातला कागद बोटाला खरखरीत लागला. तिथे काहीतरी लिहून खोडलं होतं. वही खिडकीकडे तिरकी धरली, तेव्हा पेन्सिलीचा उमटलेला दाब वाचता आला. १०० × १००, वजा ४.

उद्या मी जे सूत्र म्हणून फळ्यावर लिहिणार होते, ते तिला आजच दिसलं होतं. ९८ म्हणजे शंभराला दोन कमी, १०२ म्हणजे शंभराला दोन जास्त, तेव्हा उत्तर शंभराच्या वर्गात दोनाच्या वर्गाइतकं कमी. तिने ते केलं, उत्तर बरोबर आलं, मग ते खोडून टाकलं आणि खाली तेच उत्तर लांबच्या रस्त्याने पुन्हा काढलं. आणि मी त्या पानावर तिच्या अक्षराचं कौतुक करून मोकळी झाले होते.

हे प्रकरण त्या एका विद्यार्थिनीचं आणि एका शैक्षणिक वर्षाचं आहे. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

आधी काय झालं होतं

ती पाचवी ते सातवी गणितात सतत वरच्या पाचांत असायची. पहिला नंबर क्वचितच, पण पाचांच्या बाहेर कधी नाही. सातवीत फळ्यावर यायला हात वर करणाऱ्यांत ती असे. आठवीच्या सुरुवातीला तो हात खाली आला, आणि हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ गेला. कारण सरळ आहे. ती काही बिघडवत नव्हती. गृहपाठ वेळेवर, वही स्वच्छ, वर्गात शांत. अशा मुलीकडे शिक्षकाचं लक्ष जात नाही. दंगा करणाऱ्याकडे जातं, मागे पडलेल्याकडे जातं, पुढे पळणाऱ्याकडे जातं.

पहिल्या घटक चाचणीत तिला २० पैकी १८ मिळाले. पेपर हातात देताना मी म्हटलं, “छान केलंस.” ती म्हणाली, “सोपा आला होता, बाई. नशीब.” तिच्या मागच्या बाकावरच्या मुलाला १३ होते. तो न विचारताच म्हणाला, “घाई झाली बाई, नाहीतर पैकीच्या पैकी होते.” ही दोन वाक्यं एका मिनिटाच्या आत माझ्या कानावर पडली आणि मी दोन्हींवर हसून पुढच्या बाकाकडे गेले. आता त्याची टोचणी लागते. अठरा मिळवणारी यशाचं श्रेय पेपराला देत होती आणि तेरा मिळवणारा अपयशाचा दोष घड्याळाला. दोघांनीही स्वतःच्या डोक्याबद्दलचं मत आधीच ठरवून टाकलं होतं, आणि मार्कांचा त्या मतावर काही परिणाम होत नव्हता.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिने गणित मंडळाच्या यादीतून नाव काढून घेतलं. गणित मंडळ म्हणजे शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा, अभ्यासक्रमाबाहेरची कोडी सोडवायला बसणारी मुलं. येणं ऐच्छिक. कारण विचारलं तर म्हणाली, “तिथे सगळे हुशार असतात.” ती तिथे दोन वर्षं येत होती.

दुसऱ्या घटक चाचणीत ११ मिळाले. चुका जवळजवळ नव्हत्याच. विचार करायला लावणारे शेवटचे दोन प्रश्न कोरे होते. पेपर बारकाईने पाहिला तर दोन्हीखाली कागद घासलेला.

क्रम नीट लक्षात घ्यायला हवा. आधी हात खाली गेला, मग मंडळातून नाव गेलं, आणि मार्क सगळ्यात शेवटी गेले. प्रगतिपुस्तकाला फक्त तिसरी गोष्ट दिसते. आवड आटते ती मार्क टिकून असतानाच, म्हणून आपल्याला वाटतं की सगळं ठीक चाललंय.

विचारलं तेव्हा

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. वही पुढे केली आणि समासावर बोट ठेवलं.

“हे काय होतं?”

ती आधी घाबरली. खाडाखोड केल्याबद्दल बोलणी बसतील असं वाटलं असावं. मग म्हणाली, “असंच. कच्चं काम.”

“बरोबर आहे की हे.”

“हो, पण ती पद्धत नाहीये ना, बाई.”

“मग कुठली आहे?”

“तुम्ही शिकवलेली. पूर्ण लिहून.” थोडा वेळ थांबून पुढे म्हणाली, “तसं डोक्यात मुलं करतात. त्यांना जमतं. आम्ही पूर्ण लिहितो.”

‘आम्ही’ हा शब्द तिने सहज वापरला. मुलींनी पूर्ण लिहायचं असं तिला कुणी कधी बसवून सांगितलेलं नसणार. वर्गात कोण कसं करतं आणि कुणाला काय म्हटलं जातं, एवढ्यावरून तिने नियम काढला होता. निरीक्षणावरून नियम काढणं हे गणितातलंच कौशल्य, आणि इथे ते तिच्याच विरोधात गेलं होतं.

अमेरिकेत एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२ मुलामुलींचा पहिली ते तिसरी असा तीन वर्षं पाठपुरावा केला होता. १९९८ साली तो प्रसिद्ध झाला. बरोबर उत्तरांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो पद्धतीत. मुली मोजून, मांडून किंवा शिकवलेल्या रीतीने करण्याकडे झुकत होत्या, मुलगे स्वतः शोधलेल्या युक्त्यांकडे. आणि ज्यांनी लहान वयात स्वतःच्या युक्त्या वापरल्या होत्या, मग ती मुलगी असो वा मुलगा, त्यांना पुढे नवीन प्रकारची गणितं जास्त जमली. म्हणजे आज जी मुलगी आपली युक्ती खोडून रीतीने गणित सोडवते, तिचे आजचे मार्क जाणार नाहीत. दोन वर्षांनी अनोळखी प्रश्न समोर आला की मग तिची अडचण होईल.

माझेच शेरे

त्या संध्याकाळी मी मागच्या वर्षाच्या शेऱ्यांचं रजिस्टर काढलं. प्रत्येक सत्राला प्रत्येक मुलासाठी मी दोन ओळी लिहिते आणि त्याची एक प्रत माझ्याकडे राहते. सगळं एका बैठकीत कधी वाचलं नव्हतं.

मुलींसमोर ‘मेहनती’, ‘नीटनेटके काम’, ‘नियमित अभ्यास’, ‘अक्षर सुंदर’ असे शब्द होते. मुलग्यांसमोर ‘हुशार, पण लक्ष देत नाही’, ‘डोकं चांगलं आहे, सराव हवा’, ‘मनात आणलं तर खूप पुढे जाईल’. नापासाच्या काठावर असलेल्या एका मुलासमोर मी ‘बुद्धी आहे’ असं लिहिलं होतं. वर्गात पहिल्या आलेल्या मुलीसमोर ‘सातत्यपूर्ण कष्ट’. अपवाद होते, पण ते शोधावे लागत होते.

मी स्वतः बाई आहे, गणित शिकवते, मुलींना पुढे आणायला हवं असं मनापासून मानते. आणि वर्षानुवर्षं मी हे लिहीत आले. त्यात द्वेष कुठेच नव्हता, उलट माया होती. ‘मेहनती’ हा शब्द मला सर्वांत मोठा मान वाटत होता. पण आपल्या भाषेत हा शब्द दोन अर्थांनी चालतो. उघड अर्थ कष्टाळू. गणिताच्या वर्गात त्याच्या पोटात दुसरा अर्थ दडलेला असतो: मुळात डोकं नाही, घासून घासून मिळवलं. मुलांना तो दुसरा अर्थ फार लवकर कळतो.

किती लवकर, याचं उत्तर लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांच्या २०१७च्या अभ्यासात मिळतं. लहान मुलांना ‘खूप, खूप हुशार’ अशा एका व्यक्तीची गोष्ट सांगितली आणि ती व्यक्ती कोण असेल ते चित्रांतून ओळखायला सांगितलं. पाच वर्षांच्या मुली मुलग्यांइतक्याच आपल्या बाजूचं, म्हणजे बाईचं, चित्र निवडत होत्या. सहाव्या-सातव्या वर्षी ते प्रमाण खाली आलं. याच मुलींना शाळेत चांगले मार्क कुणाला मिळतात असं विचारलं, तर त्या मुलींचं नाव घेत होत्या. मार्क चांगले मिळतात म्हणून आपण हुशार, असा धागा त्यांच्या मनात जुळतच नव्हता. पुढे दोन खेळ दाखवले. एक खूप हुशार मुलांसाठी आहे असं सांगितलं, दुसरा खूप मेहनत करणाऱ्यांसाठी. मेहनतीच्या खेळात मुली-मुलगे सारखेच रमले. हुशारांच्या खेळापासून मुली दूर राहिल्या.

“तिथे सगळे हुशार असतात” हे वाक्य मला तेव्हा नव्याने ऐकू आलं. सहाव्या वर्षी ठरलेली गोष्ट तिने तेराव्या वर्षी तोंडाने सांगितली, एवढंच.

शिक्षकांबद्दलही जुनं काम आहे. १९९०च्या एका अभ्यासात, तोही फेनेमांच्याच गटाचा, पहिलीच्या शिक्षिकांना विचारलं होतं की तुमच्या मुलांना गणितात यश कशामुळे मिळतं. चांगल्या मुलग्यांच्या यशाचं कारण त्या बुद्धी सांगत आणि चांगल्या मुलींच्या यशाचं कारण कष्ट. माझं रजिस्टर म्हणजे त्याच अभ्यासाचं आणखी एक पान होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की फरक मुळातच असतो आणि आम्ही फक्त तो लपवतो आहोत. जेनेट हाइड यांच्या गटाने २००८ मध्ये अमेरिकेतल्या दुसरी ते अकरावीच्या ७० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गणिताचे निकाल तपासले, तेव्हा सरासरीत फरक सापडला नाही. फ्रान्समध्ये २०१८ ते २०२२ या काळात पहिलीत गेलेल्या २५ लाखांहून अधिक मुलांच्या चाचण्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत पाऊल टाकताना मुली-मुलगे जवळपास बरोबरीने होते. चार महिन्यांनी मुलगे पुढे होते, वर्षाने आणखी पुढे. वयापेक्षा शाळेत किती काळ गेला याच्याशी त्या दरीचा संबंध जास्त होता. चार महिने म्हणजे एक सत्रसुद्धा नाही. मी शिक्षिका आहे, त्यामुळे हे वाचून मला झोप लागली नाही.

घरी

पालकसभेला आईबाबा दोघंही आले. भली माणसं, मुलीवर जीव असलेली. बाबा म्हणाले, “गणिताचं टेन्शन देऊ नका तिला, बाई. तिची भाषा फार छान आहे. तिकडेच जाऊ दे.” तिची भाषा खरोखरच छान आहे, निबंधात ती वर्गात पहिली असते. आई हसून म्हणाली, “माझ्यावर गेलीय. माझंही गणित कच्चंच होतं.”

दोन्ही वाक्यं लाडाची होती. बाबांचं वाक्य तर मला अगदी शहाणपणाचं वाटलं असतं, जर थॉमस ब्रेडा आणि क्लोटिल्ड नॅप यांचा २०१९चा अभ्यास माझ्या वाचनात आला नसता. ६४ देशांतल्या सुमारे ३ लाख विद्यार्थ्यांची माहिती त्यांनी तपासली. गणिताकडे वळण्याच्या इच्छेत मुली मागे दिसतात. यामागे त्या गणितात कमी पडतात हे मुख्य कारण नसतं. त्या वाचनात आणखी चांगल्या असतात, आणि मग स्वतःच्याच दोन विषयांची तुलना करून उजव्या विषयाकडे जातात. गणितात चांगली असलेली मुलगी भाषेत अधिक चांगली असल्यामुळे गणित सोडते. माझ्या या विद्यार्थिनीच्या मोठ्या भावाला भाषेत जेमतेम मार्क होते, त्यामुळे त्याच्यासाठी असा प्रश्नच कधी उभा राहिला नाही. गणितात तो तिच्याहून वरचढ होता असं नाही, पण बाबा रोज रात्री त्याला घेऊन बसत.

आईच्या वाक्याकडे मला परत यायचं आहे, कारण या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दुवा तिथेच होता.

शिकागो विद्यापीठात सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गातली ११७ मुलं अभ्यासली होती (२०१०). वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेला गणिताची किती धास्ती वाटते याचा मुलांच्या गणिताशी संबंध नव्हता. वर्षाअखेरीला मात्र जास्त धास्तावलेल्या शिक्षिकांच्या वर्गातल्या मुलींमध्ये ‘गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं’ असं मानणाऱ्या वाढल्या होत्या, आणि असं मानणाऱ्या मुलींचं गणितही उतरलं होतं. मुलग्यांवर तसा परिणाम दिसला नाही. मुलगी मोठ्या बाईकडे बघून शिकते की बाईला काय जमतं आणि काय जमत नाही. मग ती बाई वर्गात असो की घरात.

मी आईला विचारलं, तुम्ही काय करता? ती कपडे शिवते, घरीच. मी सहज विचारलं, “गोल घेराचा झगा बेतताना मधलं भोक किती कापायचं ते कसं ठरवता?” ती म्हणाली, “कंबरेच्या मापाचा सहावा हिस्सा घ्यायचा आणि त्याहून किंचित कमी. अठ्ठावीस कंबर असेल तर साडेचार इंच त्रिज्येचा गोल मारायचा.” ‘त्रिज्या’ हा शब्द तिने वापरला नव्हता, तो माझा. ती म्हणाली, “टोकापासून एवढं.” आणि बोटांनी अंतर दाखवलं.

परीघ माहीत असताना त्रिज्या काढायची तर परिघाला २π ने, म्हणजे साधारण ६.२८ ने भागायचं. २८ भागिले ६.२८ म्हणजे ४.४६. सहाव्या हिश्शाहून किंचित कमी. गणित कच्चं असलेली ही बाई २π चा भागाकार तोंडी करत होती. मी ते तिथेच कागदावर लिहून दाखवलं. आई संकोचली, “हे काय गणित आहे का, हा अंदाज असतो,” म्हणाली. मुलगी शेजारी उभी होती. काही बोलली नाही. कागद मात्र तिने मागून घेतला.

काय बदललं, काय करून पाहिलं

शेरे लिहिणं मी त्या सत्रापासून वेगळं केलं. मुलगी असो वा मुलगा, स्वभावाबद्दल एकही शब्द नाही, अक्षराबद्दल तर नाहीच. काय विचार केला तेवढंच लिहायचं: ‘समीकरण न सोडवता आकृतीवरून उत्तर काढलंस, का चालतं ते लिहून दाखव.’ वेळ तिप्पट लागतो. साठ वह्यांना दररोज जमत नाही, म्हणून आठवड्याला पंधरा वह्या अशा पाळ्या केल्या. चाचणीच्या पेपरांवर नाव मागच्या पानावर लिहायला सांगितलं, म्हणजे तपासताना माझ्यासमोर फक्त गणित राहील. याला आधार आहे. इस्रायलमध्ये व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड यांनी शिक्षकांनी नाव माहीत असताना दिलेले मार्क आणि नाव न दिसणाऱ्या परीक्षेतले मार्क यांची तुलना केली होती. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाचा गणितातला कल मुलग्यांकडे असेल, तर त्याचे पडसाद मुलींच्या पुढच्या वर्षांतल्या विषयनिवडीपर्यंत उमटलेले त्यांना दिसले.

सर्वांत जड गेलं ते शुक्रवारची शर्यत बंद करणं. शेवटच्या तासाला फळ्याचे दोन भाग करून, दोघांना उभं करून, आधी कोण सोडवतं अशी शर्यत मी वर्षानुवर्षं घेत आले होते. वर्ग दणाणून जायचा. मला वाटायचं, यानेच गणिताची गोडी लागते. मग आठवू लागले की स्वतःहून पुढे कोण येतं. गेल्या कित्येक शुक्रवारी फळ्यासमोर बहुतेक वेळा तेच चार मुलगे होते, आणि कुणी मुलगी आली तर ती मी नाव घेऊन बोलावली म्हणून. म्यूरिएल नीडरले आणि लिसे व्हेस्टरलुंड यांचा २००७चा प्रयोग अगदी याच प्रसंगासारखा आहे. पाच मिनिटांत दोन अंकी पाच-पाच संख्यांच्या जमतील तेवढ्या बेरजा करायच्या. बेरजा करण्यात बायका आणि पुरुष यांच्यात फरक नव्हता. पुढच्या फेरीसाठी स्पर्धा हवी की प्रत्येक बेरजेचा ठरलेला मोबदला हवा असं विचारलं, तेव्हा ७३ टक्के पुरुषांनी स्पर्धा निवडली आणि ३५ टक्के बायकांनी. शर्यतीत दिसतो तो वेग, आणि शर्यतीत उतरायची तयारी. गणित त्यामागे झाकून जातं.

इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांच्याबद्दल वर्गात बोलले ते यासाठीच. २०१४ साली फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी एक, मिळवणारी ही पहिली स्त्री. त्या स्वतःला संथ म्हणवून घेत. एकाच प्रश्नावर वर्षानुवर्षं रेंगाळत, जमिनीवर कागद पसरून आकृत्या काढत. शाळेत असताना एका वर्षी त्यांचं गणित घसरलं होतं. शिक्षिकेला त्यांच्यात विशेष काही दिसत नव्हतं आणि मरियमचा रस गेला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षिका आल्या, त्यांनी उमेद दिली आणि गाडी रुळावर आली. पदकाच्या गोष्टीपेक्षा ही घसरणीची गोष्ट वर्गाने जास्त लक्ष देऊन ऐकली. थोर स्त्रियांची नुसती यादी भिंतीवर लावून मुली गणिताकडे वळतात, यावर माझा विश्वास नाही. पदकवाली बाई फार लांब असते. घसरून परत उभी राहिलेली मुलगी जवळची वाटते.

शर्यतीच्या जागी एकच प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर राहू लागला. उत्तर सांगायचं नाही, पद्धत कागदावर लिहून डब्यात टाकायची. शुक्रवारी सगळ्या पद्धती वाचायच्या, चुकलेल्यासुद्धा, नावं न घेता. आणि एक नियम: खोडरबर बंद. चुकलं तर एकच तिरकी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हा नियम तिच्यासाठी केला होता, पण लावला सगळ्यांना. तिला एकटीला काही वेगळं द्यायचं नाही हे मी ठरवलं होतं. तू मुलगी आहेस म्हणून तुझ्याकडे खास बघते आहे, असं दाखवणं म्हणजे तोच साचा पुन्हा तिच्या हातात देणं.

खोडरबराच्या नियमाला सर्वांत जास्त विरोध मुलींनी केला. पान घाण दिसतं म्हणाल्या. दोघी-तिघींना रडू आलं. हे मला अपेक्षित नव्हतं, आणि माझी ‘सुंदर अक्षर’ची वर्षं किती खोल गेली आहेत ते तेव्हा कळलं. दुसरीकडे, ‘हुशार’ शिक्क्याचा एक मुलगा डब्यात कधीच कागद टाकत नाही हेही लक्षात आलं. पुढे कळलं की त्याला अपूर्णांकच नीट येत नव्हते आणि इतकी वर्षं तो तोंडी उत्तरांच्या घाईत ते लपवत आला होता. त्याची गोष्ट वेगळी लिहायला हवी.

त्यानंतर

पहिले दीड महिने तिच्यात काही बदल दिसला नाही. डब्यातले कागद अक्षरावरून मला ओळखता यायचे, तिचा एकही नव्हता. सातव्या आठवड्यात आला. प्रश्न होता: पहिल्या काही विषम संख्यांची बेरीज नेहमी वर्गसंख्याच का येते? तिने चौकटीच्या कागदावर एक चौकोन रंगवला होता, त्याला काटकोनात तीन चौकोनांची पट्टी, तिला पाचांची, मग सातांची. प्रत्येक पट्टी वेगळ्या रंगात. खाली एक ओळ: ‘प्रत्येक वेळी दोन बाजू आणि एक कोपरा वाढतो.’ मी कागद वाचून दाखवला. कुणाचा आहे ते सांगितलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

त्यानंतर एकदा ती स्टाफरूमच्या दाराशी आली. आईचा तो कागद तिने जपून ठेवला होता. विचारलं, “बाई, पूर्ण गोलाऐवजी अर्ध्या गोलाचा घेर काढला तर तिसरा हिस्सा घ्यायचा ना? आई म्हणते तसंच करतात, पण का ते तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तिला.” ‘मी सांगितलं तिला’ म्हणताना तिचा आवाज जरा चढला होता.

गणित मंडळात ती लगेच परतली नाही. मी एकदाच विचारलं, ती “बघते” म्हणाली, मी पुन्हा विचारलं नाही. वर्ष संपायला दोन महिने असताना एका मैत्रिणीला घेऊन आली आणि मागच्या बाकावर बसली.

कशाचा किती परिणाम झाला, हे मला सांगता येणार नाही. चार-पाच गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि मुलगी एकच होती. शेऱ्यांमुळे, की शर्यत थांबल्यामुळे, की आईच्या साडेचार इंचांमुळे? माझं मन तिसऱ्याकडे झुकतं, पण तो माझा कल आहे, पुरावा नाही. आणखी एक सावधगिरी. परीक्षेआधी मुलींना ‘या परीक्षेत मुली-मुलगे सारखेच असतात’ असं सांगितलं की मार्क वाढतात, ही समजूत स्टीव्हन स्पेन्सर, क्लॉड स्टील आणि डायान क्विन यांच्या १९९९च्या प्रयोगापासून फार पसरली. नेदरलँड्समध्ये २०१८ साली दोन हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर असाच प्रयोग काटेकोरपणे केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. परीक्षेच्या दिवशी एक वाक्य बोलून काम होईल, अशी आशा मी तरी ठेवत नाही. साचा वर्षानुवर्षांच्या शेऱ्यांनी, लाडाच्या वाक्यांनी आणि शुक्रवारच्या शर्यतींनी बसलेला असतो.

वार्षिक परीक्षेत तिला १०० पैकी ८४ मिळाले. सातवीत ८९ होते, म्हणजे आकड्यांच्या हिशेबाने अजून खालीच. त्या पेपरातला शेवटचा प्रश्न १ + ३ + ५ + … + ९९ ही बेरीज करण्याचा होता. तिने आधी ४९ चा वर्ग, २४०१ लिहिलं होतं. मग बाजूला, समासात, छोट्या अक्षरात मोजणी: ‘१ पासून ९९, विषम किती? जोड्या केल्या तर पन्नास.’ आणि खाली ५० चा वर्ग, २५००.

२४०१ वर एकच तिरकी रेघ होती. आकडे स्वच्छ वाचता येत होते.